एकतीस नंबरचं बंदर

कंपनीचं पत्र दोन ओळींचं:
जुना स्विच अठ्ठेचाळीस पोर्टांचा, नवा चोवीसांचा,
वापरात नसलेले शोधून काढा.
म्हणून मी, हल्लबेरा, अकुरेरीहून गाडी हाकत
फ्योर्डच्या पार टोकाशी, मासळीच्या कारखान्यात.
मार्च संपत आलाय,
तरी डोंगर ऊन देतो ते मोजून मापून, उधारी दिल्यासारखं.

स्विचची खोली जिन्याखाली. आधी इथे ओले बूट ठेवायचे.
वास अजून बुटांचाच.
स्टेनमोदुर दारात उभा, दोन्ही हातांत कप,
चाळीस वर्षं गोदाम सांभाळलेला माणूस.
बस म्हणत नाही, कारण खुर्चीच नाही.

मी विचारते, स्विच उत्तर देतो.
शेवटचं काही आलं ते कधी?
तीन: आत्ता. चार: आत्ता. सात: कधीच नाही.
नऊ ते पंधरा: कधीच नाही, कधीच नाही,
चोरी पकडलेल्या पोरासारखं.
मग नजर वरच्या ओळीवर जाते:
स्विच चालू होऊन झाले अकरा आठवडे.
जानेवारीच्या वादळात वीज गेली होती, स्टेनमोदुर सांगतो,
दोन दिवस मासळी अंगणात ठेवली,
फ्रीझरपेक्षा बरी राहिली.

म्हणजे याचं 'कधीच' अकरा आठवड्यांचं.
त्याआधीचं याला आठवत नाही,
आणि मी याची साक्ष कागदावर चढवणार होते.

मग पायांनी.
केबलच्या एका टोकाला शिटी लावायची
आणि कांडी भिंतीला टेकवत, कान देत, हिंडायचं.
सात नंबर मॅनेजरच्या खोलीत निघतो.
मॅनेजर आता रेक्याविकला, खोलीत जाळी रचलेली.
अकरा भिंतीत शिरतो आणि रंगाखाली गडप.
चौदाची तार मधेच कापलेली,
उंदराचे दात नाहीत, सरळ कात्री.
कोणी? स्टेनमोदुर कॉफीत बघतो.

एकतीसची शिटी लांब नेते.
धुलाईचा हॉल, पत्र्याचा बोळ, दोन जड दारं,
आणि गाबोळीच्या खोलीत
प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या वजनकाट्यापाशी
एकदम मोठ्यानं वाजते.
दोघेही दचकतो.

'लोद्ना,' तो म्हणतो.
वीतभर चांदीची मासळी.
हिवाळा सरताना गाबोळीनं फुगून येते,
आली तर दोन-तीन आठवडे, आणि तेव्हा
हा काटा रात्रंदिवस बोलत असतो,
गावातली पोरं शाळा सोडून इथे,
झोप कोणालाच नाही.
गेल्या साली आली नाही.
यंदा बोटी शोधून शोधून परतल्या.

'मग बंद करू?'
तो दोरीची गाठ चाचपतो. सुटलेली नसते,
तरी पुन्हा आवळतो.
'येते तेव्हा,' म्हणतो, 'आधी कळवून येत नाही.'

अर्जात रकाने दोनच.
जिन्याखाली बसून मोजते, मांडीवर कागद:
वापरातले चोवीस. एकतीस धरला तर पंचवीस.
पोर्ट म्हणजे शेवटी बंदरच,
बोटी बाहेर आहेत म्हणून धक्का कोणी उपटत नाही,
असलं काही मी कंपनीला लिहीत नाही.
पुन्हा मोजते. पंचवीसच.

स्टेनमोदुर न बोलता वर जातो.
कॉफीच्या खोलीत हवामान दाखवणारा पडदा आहे,
त्याची वायर उपटून आणतो,
मेलेल्या वामसारखी माझ्या कागदावर ठेवतो.
'हवामान मी खिडकीतून बघतो.'
खिडकीत त्या वेळी धुकं सोडून काही नव्हतं.

चिकटपट्टीवर लिहिते एकतीस, आणि पेन अडतं.
पुढे काय लिहू?
'काटा लिही,' तो म्हणतो. 'काटा आहे तो.'

परतीला गाडीची काच खरवडताना
वर त्याची सावली खिडकीशी दिसली.
हवामान बघत होता, बहुतेक.
किंवा समुद्र.