सहावं पाणी

चिल्लारखोऱ्याची वाट पाण्यानं मोजतात.
"तिसऱ्या पाण्यावर थांबजा, सिस्टर," मुंगीलाल म्हणतो,
लसींचा निळा डबा खांद्याला लावून पुढे निघतो,
आणि माघातल्या उन्हात चपला हातात धरून
मी पहिल्यात उतरते.

इथे खोरा रुंद, गावाजवळचा, सवयीचा.
म्हशी, साबणाचा फेस, दगडावर वाळणारं लुगडं.
पाण्याला घोट्यापर्यंत यायचाही कंटाळा.
दुसऱ्याला तो वळणाआड जातो नि आवाज बदलतो.
कहूच्या मुळांनी काठ धरून ठेवलाय,
बाजारात पोराचं मनगट धरावं तसा.
मुळांतून खेकडा बाहेर येतो,
आम्हाला बघतो, आत जातो.

तिसरं म्हणजे अख्खा काळा पाषाण,
कढईसारखा कोरलेला.
सागाची पानं कुजून पाण्याला कोऱ्या चहाचा रंग.
मुंगीलाल डबा सावलीत टेकवतो, बिडी काढतो,
वर कड्याला लटकलेलं आग्यामोहोळ बघतो
आणि बिडी परत कानावर ठेवतो.
"बोलू नका."
आम्ही बोलत नाही.

चौथं-पाचवं लागोपाठ, दोन ढांगांत.
तिथलं फारसं आठवत नाही,
गवा उतरल्याचे खूर तेवढे,
आणि त्यातल्या एकात अडकलेली पाणनिवळी.

सहावं नाहीच.
दगडच दगड, पांढरट, तापलेले,
मधोमध बेहड्याचं एक वाळकं फळ.
मी चपला घालते. म्हणते, हे आटलं,
आता सहाच पाणी म्हणायची या वाटेला.
"आटलं नाई, सिस्टर. खाली गेलं."
तो उकिडवा बसतो, दोन दगड सारतो,
रेती उकरत कोपरापर्यंत हात घालतो
आणि तसाच थांबतो, मान तिरपी करून,
मी थांबते तसा,
सातव्या महिन्याच्या पोटावर तळवा ठेवून,
आतलं हलेपर्यंत.
रेती आधी काळी होते.
मग चमकते.
मग ओंजळभर गढूळ, मग बराच वेळ काही नाही,
मग निवळ.

आम्ही पितो. डब्यात बर्फ हलतो.
सातव्यापलीकडे ढान्यावर अकरा लेकरं आहेत,
एकीचं नाव अजून ठेवायचंय.
त्याच्याही वर, आंब्याच्या बुडाशी, खोरा सुरू होतो म्हणे,
फडकं भिजेल एवढाच.
तिथवर मी कधी गेले नाही.

परतताना दिवस कलला होता.
सहाव्याशी आले, कोरड्या दगडांपाशी,
आणि चपला काढून हातात घेतल्या.
मुंगीलाल मागून येत होता.
हसला नाही.