शेरा

सेनगावच्या पुढं, तांड्यावरच्या शाळेचं
यंदा नमुन्यात नाव निघालं.
सीलबंद पेटी आली, नवं घड्याळ आलं.

प्रश्न सातवा: आन्नाची ट्राम
दर नऊ मिनिटांनी येते...

सर, ट्राम म्हंजे काय असतंय?
सांगायची मला मुभा नाही.

कुठल्याशा बर्फाळ गावातून निघालेला प्रश्न
इंग्रजीत उतरला,
पुण्यात मराठी झाला,
आणि इंदल राठोडच्या बाकावर,
ओठातल्या ओठात,
त्याची गोरमाटी होईस्तोवर
अकरा मिनिटं गेली.

उत्तर बरोबर.
पुढचे चार कोरे.

आता तक्ता लागेल, देशांच्या उतरंडीत
आपलाही आकडा असेल.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, ‘अकरा मिनिटं’.
मग खोडलं.
तिथं फक्त गैरप्रकार नोंदवायचे होते.