इतिवृत्त

धायरी फाट्यापासून आत, कॅनॉलला लागून आमची सोसायटी.
सभा पार्किंगमध्ये. समोसे आधीच आणून ठेवलेले,
म्हणजे कुणी लांबण लावू नये.
ताळेबंद वाचला असं समजून मंजूर.

मी उठले तेव्हा काहीच ठरवलं नव्हतं.
पायाला मुंग्या आल्या होत्या, हे एक.
आणि पान चार.
"फेब्रुवारीत एकशे बारा टँकर म्हणता.
माझं शिलाई मशीन गेटवरच्या खिडकीत आहे.
मी कॅलेंडरवर दुधाशेजारी टँकर मांडते.
चौसष्ट भरले."
आवाज मध्येच फाटला, मांजरपाटासारखा.
कुणी हसलं. कुणी म्हणालं, बसा वहिनी.
बसायचंच होतं खरं तर,
पण खुर्ची कुणीतरी ओढून नेली होती.

वहीत आलं : "एका महिला सभासदाने शंका विचारली.
निरसन करण्यात आले."

त्याच रात्री साडेनऊला बेल.
शितोळेआजोबा, लिफ्टच्या पावत्या घेऊन.
मग दुसऱ्या मजल्यावरच्या नसीमभाभी,
मोबाईलमध्ये ओल धरलेल्या भिंतीचे फोटो.
"तुम्ही बोलता ना, म्हणून आलो."
एकदाच तर बोलले होते!
तरी लोक आपला आवाज ठेवून जात राहिले,
शिवायला टाकलेल्या ब्लाउजसारखा,
माप न देता,
आणि कधी मिळेल ते विचारत.

तिसऱ्या वर्षी मी सचिव. टँकर निम्मे.
वही माझ्याकडे. वहिनीची मॅडम झाले.
खळदकर अध्यक्षच राहिले, मात्र सही करण्याआधी
आता चष्मा शोधतात.

काल सभेत मागून एक मुलगी उठली,
तळमजल्यावर भाड्यानं राहणारी.
"आपले वॉचमन लघवीला कुठे जातात?"

पार्किंग गप्प.
खिडकीतून मी सहा वर्षं ते गेट पाहतेय,
टँकर मोजलेत,
माणूस कुठे जातो ते नाही.
"भाडेकरूंना सभेत..." असं माझ्या तोंडून
निघालंच होतं. निघालंही. अर्धं.
ती उभीच. आवाज फाटलेला.

रात्री वही उघडली.
"एका" लिहिलं, खोडलं.
लिहिलं : रेणुका मारुती सातपुते, भाडेकरू, यांनी विचारले.
प्रश्न तिच्याच शब्दांत, लघवीसकट.
निरसनासाठी अर्धं पान कोरं सोडलंय.
उद्या प्लंबरला बोलावलंय.