पंचवीसच्या वर जायचं नाही

हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली, दोन बोटं मावतील इतका सैल.
डाव्या हाताला ब्रेक. उजवा अंगठा म्हणजे वेग.
पंचवीसच्या वर जायचं नाही, आणि गाडीही जाऊ देत नाही.
एवढं सांगून होईतो माझ्यामागे
सहा स्कूटर उभ्या राहिलेल्या असतात
बदकाच्या पिलांसारख्या.

एकतीस वर्षं मी ग्रान सोलच्या पाण्यात जाळी ओढली.
बोट भंगारात निघाली तेव्हा
भाचीच्या नवऱ्यानं फोन केला:
इलेक्ट्रिक स्कूटरच्या सहली काढतोय, वाटाड्या हवाय,
तुम्हाला किनारा माहीत आहे ना?
मी हो म्हटलं.
खोटं होतं ते. किनारा मला फक्त
लहान लहान होत जाणारा माहीत होता.

ओर्सानच्या वळणावर बाकावर अमारो बसलेला असतो.
एका पातेल्यातलं जेवलोय आम्ही.
तो दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारतो,
"काय कप्तान, लागला का मासा?"
मागचं फ्रेंच जोडपं हसतं, काही न कळून.
मी हात करतो.
(हात सोडायचा नाही, हे मीच सांगितलेलं असतं.)

या गाडीला आवाज नाही.
इंजिनाला उशी करून झोपलेल्या माणसाला
आवाजानं नाही, आवाज थांबल्यानं जाग येते.
पहिला महिनाभर मी चालवता चालवता दचकायचो.
आता वारा ऐकू येतो, कुणाच्या घरची तळणी ऐकू येते,
खाली खडपांवर लाट फुटायच्या आधी
श्वास घेते, तेही.

दीपस्तंभापाशी दहा मिनिटं.
रोमनांनी बांधला, अजून पेटतो.
पायऱ्या किती, तिकीट कुठे, स्वच्छतागृह आहे का.
समुद्रावरून तो कसा दिसतो, हे कुणी विचारत नाही.
चार वेळा लुकलुकतो. मग काळोख. मग पुन्हा चार.
त्या काळोखात मोजायचं असतं, डेकवर माणसं किती.

काल मी मोजली. पाच.

पुन्हा मोजली. फ्रेंच जोडपं, दोन कॉलेजातल्या मुली,
तो सारखा फोनमध्ये बघणारा. पाच.
"इथून हलू नका," म्हणालो, आणि वळलो.
अंगठा शेवटपर्यंत दाबला. पंचवीस.
आणखी दाबला, नख पांढरं पडेस्तोवर. पंचवीस.
एवढ्या वेळात पाणी काय काय करतं, मला माहीत आहे.
लाल दिव्यांचे खांब एकेक करून मागे गेले,
निवांत, जसे काही आम्ही सहलीलाच आलोय.

ती कठड्याशी उभी होती.
एउदोसिया, वय एकाहत्तर, गाव सामोराच्या बाजूला,
मुलानं तिकीट काढून पाठवलेली.
हेल्मेट डोक्यावरच, बूट मात्र काढलेले,
आणि कठड्यावर नीट जोडीनं ठेवलेले,
देवळात ठेवावेत तसे.

"बॅटरी संपली का?"
"नाही हो. मीच थांबले."
मी काही बोललो नाही. गुडघे थरथरत होते,
ते तिला दिसू नयेत म्हणून स्कूटरला टेकलो.
बऱ्याच वेळानं तिनं विचारलं,
"हे रात्री बंद होतं का?"

तोंडपाठ माहितीत या प्रश्नाचं उत्तर नाही.
आमचा सिरो गेला त्या रात्री
तेही चालूच होतं, आणि दिवाही,
चार, काळोख, चार.

"नाही," मी म्हटलं, "बंद झालं तर
सगळ्या गावाला जाग येईल."

ती मान हलवून हसली, जणू एखाद्या शेजाऱ्याबद्दल
चांगलं काही कळलं.
मग बूट घातले, लेस बांधायला वेळ घेतला.
मीही घाई केली नाही.
स्टँड कसा काढायचा ते मी तिला पुन्हा दाखवलं.