बाजार लहान

वडील गिरगावात पतपेढीत होते.
कर्ज हवं तर दोन जामीनदार आणा,
नाहीतर घरातलं सोनं.
मी लोअर परळच्या अठराव्या मजल्यावर
काहीच गहाण ठेवून घेत नाही.
फक्त विचारतो, हे किती मोठं होईल?

तिनं उत्तर द्यायला वेळ घेतला.
तिथंच माझं अर्धं मत झालं.

यामिनी भानजी. वर्सोव्याची.
सोबत मरोळच्या गाळ्यात सोल्डरिंग करणारा मुनाफ,
आणि टेबलावर साबणाच्या वडीएवढा डबा:
माशांच्या पेटीत ठेवा,
बर्फ वितळला की फोनवर कळतं.

चौकशी करायची म्हणून पहाटे चारला
तिच्यासोबत ससून डॉकवर गेलो.
नवे बूट खवल्यांत.
पारूबाई नाखवांनी लिलाव थांबवून
डबा उलटासुलटा करून पाहिला.
"वितळला ते सांगायला यंत्र कशाला गो?
हात घाल की.
कधी वितळेल, ते सांगतं का तुझं?"
बायका हसल्या. मीही हसलो.
यामिनी हसली नाही.
ओल्या पुठ्ठ्याचा तुकडा फाडून
तिनं काहीतरी लिहून घेतलं.

मी वर येऊन लिहिलं:
ग्राहकाला गरज नाही. बाजार लहान.
संस्थापक बोलण्यात कच्ची.
तिला पाठवलेल्या पत्रात मात्र
'पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा'.
नकाराला आम्ही अत्तर लावूनच पाठवतो.

त्याच आठवड्यात आठ कोटी दिले
घरपोच इस्त्रीवाल्या एका मुलाला.
आकडे असे म्हणायचा
की आपसूक टाळ्या पडाव्यात.
विसाव्या महिन्यात फोन उचलेना.
अंधेरीच्या ऑफिसात गेलो तर
चार हजार हँगर,
शर्ट एकही नाही.

बावीस कंपन्या आमच्या.
चौदा बुडाल्या. पाच तरंगतात.
दोघींनी मुद्दल परत केलं.
आणि एक, जिच्यावर मी
भागीदाराचं मन राखायला सही केली होती,
कुरकुरत, जेवणाआधी,
तिनं सगळ्यांचं फेडलं.
एकीच्या लग्नात चौदांची तेरावी उरकली.
परिषदांत विचारतात, कसं ओळखलंत?
सांगतो, मी माणसं पाहतो.
हे खोटं नाही.
पाहतो.
दिसतातच असं नाही.

आमच्यानंतर यामिनीनं एकतीस दारं वाजवली.
बत्तिसावं दार पुण्यातल्या रक्तपेढीचं.
त्यांनी भांडवल दिलं नाही,
आगाऊ पैसे देऊन दोनशे डबे मागवले,
एका अटीवर:
पिशवी खराब झाली हे नंतर कळवू नका,
होण्याआधी सांगा.
तिच्याकडे तो पुठ्ठा होताच.

आता ते डबे लसींबरोबर जातात,
इन्शुलिनबरोबर, कुल्फीबरोबरसुद्धा.
मधल्या तंगीत, पगार थकले तेव्हा,
तीन लाख पारूबाईंनी दिले होते.
कागद नाही, व्याज नाही,
किती मोठं होईल हे विचारलंही नाही.
यामिनीनं नंतर वकील बसवून
त्यांच्या नावावर शेअर केले.
पारूबाईंना ते अजून
भिशीचेच पैसे वाटतात म्हणे.

मागच्या शुक्रवारी कचेरीत एक पेटी आली.
चिठ्ठी नव्हती.
अख्खा रावस, वर बर्फ,
मधोमध साबणाची वडी.
झाकणावरची खूण फोननं टिपली, आकडा आला:
सहा तास दहा मिनिटं.
शिपायानं विचारलं, गाडीत ठेवू?
म्हटलं, राहू दे इथंच.

दुपारच्या बैठकीत एक नवी मुलगी,
शेवाळापासून गोंद बनवणारी.
एसीत माशाचा वास पसरलेला.
तिला तो कळला, बोलली नाही.
मी सवयीनं विचारलं,
हे किती मोठं होईल?

ती गप्प झाली.
खिडकीबाहेर पाहू लागली.
भागीदारानं घड्याळ पाहिलं.
मी फोन पाहिला:
चार तास पंचावन्न.

सावकाश सांगा, म्हटलं.
आहे वेळ.