आपोआप

नववीच्या खोलीत सात संगणक,
त्यांतले चार चालू, एकाचा 'म' उमटत नाही.
नेमक्या त्याच्यासमोर बसली रेश्मल बागकर
आणि विषय दिलेला मिठागर.

आधी सगळ्यांनी धूळपाटीवर गिरवलं.
सरावाच्या जागेला तिथं अजून धूळपाटी म्हणतात,
हे मला फार आवडलं.
लिहा, पुसा, कोणी बघत नाही, असं मी म्हणालो
आणि ते खरं नव्हतं:
तिथं पुसलेलंही राहतं,
तारखेसकट, तासामिनिटासकट.

तिसऱ्या दिवशी खरं पान.
गावाच्या मिठागराचं नाव लाल अक्षरांत होतं,
म्हणजे त्यावर अजून कोणी काही लिहिलेलं नाही.
लालाचं निळं झालं तेव्हा
मागच्या बाकावरून कोणीतरी शिट्टी मारली.
मी ऐकली नाही.

रेश्मलनं लिहिलं:
"भरतीचे पाणी वाफ्यांत घेतात
आणि उन्हाने त्याचे आपोआप मीठ होते."
त्या मिठातला 'म' दुसरीकडून उचलून आणलेला,
वाक्य मात्र पुस्तकासारखं शुद्ध.
मी दहापैकी नऊ मांडले.

दुपारी चार मिनिटं पानावर
"साईश येडो" असं होतं.
आल्विता फर्नांडिसनं ते उलटवलं,
कारणाच्या चौकटीत लिहिलं:
ठाऊक आहे, पण संदर्भ नाही.

रात्री अकरा वाजून सात मिनिटांनी
साईश किनळेकरनं एक शब्द काढला.
आपोआप.
बाकी वाक्य तसंच, पूर्णविराम तसाच,
कारणाची चौकट रिकामी.

सकाळी मी पाहिलं:
डावीकडे जुनं, उजवीकडे नवं,
आणि त्या एका शब्दावर पिवळा रंग.
बावीस वर्षांत लाल शाईनं
किती शब्द कापले असतील मी वह्यांतून.
असा एकही नाही.

रेश्मलनं तो परत घातला.
त्यानं काढला. तिनं घातला.
वर्गात दोघं बोलत नव्हती,
चर्चेच्या पानावर बोलत होती.
"ऊन काय कोणी पाडतं का?"
"माझी आई वाफे तुडवते. पायांनी. आठ दिवस."
"हे पुस्तकात नाही."
"मग घाल पुस्तकात."

त्यानं मग तेही पानात लिहिलं,
आणि कोणी लांबचा,
नावाच्या जागी नुसते आकडे असलेला,
त्या आठ दिवसांच्या डोक्यावर
ठेवून गेला: संदर्भ हवा.

शनिवारी निघालो सगळे संदर्भ आणायला.
शापोरा ओहोटीला लागलेली,
मानशीची फळी अर्धी वर,
सत्यवती किनळेकर वाफ्यात, साडी गुडघ्याशी खोचून.
रेश्मलनं विचारलं, पेन सरसावून.
"आपशीं?" त्या म्हणाल्या,
आणि हसल्या, चिखलातून पाय न काढता.
मग तिला चपला काढायला लावल्या
आणि कडेच्या वाफ्यात उभं केलं.
पोटरीपर्यंत गेली.
नंतर शेजारच्यात, चार दिवस तुडवलेल्यात:
शाळेच्या पडवीसारखा टणक.
वहीत तिनं काही लिहिलं नाही.

पाय संदर्भ म्हणून चालत नाहीत.
मी नियम वाचून दाखवले: छापील हवं, पडताळता यायला हवं.
ग्रंथालयाचं कपाट उपसलं,
मिठावर सापडला अर्धा परिच्छेद,
दुसऱ्याच ओळीत: आपोआप.

मुख्याध्यापक विचारतात, गुण कोणाला द्यायचे,
पानावर एकोणीस जणांचे हात आहेत.
मी ते नऊ खोडलेत.
त्या जागी काय लिहावं ते ठरत नाही.

पानावर आता असं आहे:
"भरतीचे पाणी वाफ्यांत घेतात.
त्याआधी वाफे तुडवावे लागतात."
वर अजून तेच, संदर्भ हवा.
शेवटचा बदल रेश्मल बागकर,
रविवार, पहाटे पाच चाळीस.
कारण: पाय अजून चुरचुरतात.