दार तेच हवं

विजयनगरात, चौथ्या मजल्यावर,
मी दारं बनवते.
सुताराची नव्हेत, व्हिडिओ गेममधली.
खरं तर एकच दार.
किल्ल्याच्या पोटातलं, सागवानी, लोखंडी पट्ट्यांचं,
ज्याच्यामागे तो केसाळ राजा झोपलेला असतो
आणि नायक लाथ मारून आत शिरतो.
पाचव्या भागाला मी रुजू झाले
तेव्हा दाराला बावीस खिळे होते.
सहाव्यात चाळीस.
सातव्यात गंज आला,
आठव्यात गंजावर दव.
नवव्यासाठी परदेशातून लिहून आलं:
दार तेच हवं,
पण आधी कधी न पाहिलेलं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत राठौर सरांना
मी माझा गेम सांगितला.
बंद पडलेली गिरणी. रात्रपाळीचा एकटा पहारेकरी.
तलवार नाही, राजा नाही.
एकेक माग तपासत जायचं
आणि एखादा माग अजून हाताला कोमट लागतो.
एवढंच.
सरांचा चमचा डब्यातच थांबला.
कोमट? म्हणाले. काटा आला बघ अंगावर.
मग पैसा लावणाऱ्यांशी बोलून आले.
ते विचारतात, याचा आधीचा भाग किती खपला?

पहिल्याला आधीचा नसतो, सर.
हे मनात.
मोठ्यानं म्हटलं, बरोबर आहे त्यांचं.

आणि खोटं कशाला बोलू,
सराफ्यात रात्री अकराला मी त्याच गाडीपाशी उभी असते.
भुट्ट्याचा कीस, तोच, वर तसंच लिंबू.
त्यानं उद्या काही नवं करून पाहिलं
तर पहिली भांडेन मीच.
माझा भाचा ओजस, बारावीतून कसाबसा निघालेला,
पैसे साठवून प्रत्येक भाग घेतो.
विचारलं, कंटाळा नाही येत?
म्हणाला, मावशी, बाहेर कुठलं दार कुठे उघडतं
काही कळत नाही. इथे कळतं.
यावर काय बोलणार.
आमच्या चारशे जणांचे पगार त्या एका लाथेवर चालतात.
माझ्या स्कूटीचा हप्तासुद्धा.

तरी एका रात्री
तेहतिसाव्या आणि चौतिसाव्या खिळ्याच्या मध्ये
मी एक पितळी बिल्ला ठोकला.
अकराशे सत्तेचाळीस.
आजोबांचा. परदेशीपुऱ्यातून सायकलीवर जाऊन
मिलच्या फाटकावर दाखवायचा.
मिल गेली, फाटक गेलं,
बिल्ला आईच्या शिवणाच्या डब्यात बटणांमध्ये राहिला.
दारावर तो नखाएवढा. कुणाला दिसणार नव्हता.
तपासणीतूनही निसटला.

गेम बाजारात आला, आणि आठवड्याभरात
लोक दारापाशी थांबायला लागले.
लाथ न मारता.
कुणी म्हणे कैद्याचा क्रमांक,
कुणी आकड्यांची बेरीज करून शाप काढला,
एकानं तर सोळा तास भिंती ठोकल्या,
गुप्त खोलीसाठी.
ओजसचा रात्री दोनला फोन.
लहानपणी हाच बिल्ला तोंडात घालून
त्यानं आईच्या हातचा मार खाल्ला होता.
मावशी, कुजबुजला, हा तर आपला.
तीन दिवस माझे पाय जमिनीला नव्हते.
गिरणीची फाइल पुन्हा उघडली,
पहारेकऱ्याला एक टॉर्च दिला,
त्याच्या सेलनं दगा द्यावा की नाही
यावर बराच वेळ घालवला.

मग दहाव्या भागाचं पत्र आलं.
खिळे साठ.
गंजाखालचा जुना रंग दिसावा.
बिल्ला ठेवावा,
तो आता लोकांच्या ओळखीचा झाला आहे.
यंदा जरा मोठा.
आणि चमकणारा.

स्क्रीनवर पितळ घासायला बसले आहे.
आजोबांनी तो कधी घासला नव्हता.